विल्बर्ट पाववाल्याची बासरी

कुरुंदुवेलात दुपारचे साडेचार वाजले हे घड्याळात बघायची पद्धत नाही. विल्बर्टची तीनचाकी विहाराच्या वळणावर आली, छपरावरच्या कर्ण्यातून ती ठरलेली टिंगटिंग धून सुरू झाली, की साडेचार. ओसरीवर दालचिनी सोलत बसलेल्या बायका हातातली साल खाली ठेवतात, ‘पाव आला गं’ म्हणत उठतात आणि कंबर सरळ करण्याच्या निमित्ताने शेजारच्या फाटकात कोण उभं आहे तेही बघून घेतात. चहाची किटली त्याच वेळी चुलीवर चढते. कुत्रीसुद्धा धून ओळखतात. पाव मिळत नाही, तरी रोज स्वागताला हजर असतात. आशा फार चिवट असते म्हणायची. विल्बर्टचीही तशीच होती.

विल्बर्ट सेहेचाळीस वर्षांचा. बाप त्याचा पंचक्रोशीत नावाजलेला दालचिनी सोलणारा. हातभर लांबीची साल कागदासारखी अखंड काढायचा. विल्बर्टच्या हातून मात्र ती कधीच अखंड निघाली नाही, कारण काम करताना गुणगुणायची सवय, आणि जरा वरची तान घेतली की सुरी घसरायची. बापानं एक दिवस त्याच्या हातातली सुरी काढून घेतली आणि म्हणाला, ‘तू कोलंबोला जा. तिथं झाडं कमी आहेत.’ मग बारा वर्षं कोलंबोच्या एका कापडदुकानात तागे उलगडले आणि गुंडाळले. आई आजारी पडली म्हणून परत आला. आई गेली, हा राहिला. बेकरीचे मालक एडविन मुदलाली यांनी आपली तीनचाकी त्याच्या ताब्यात दिली, तेव्हापासून अकरा वर्षं तीच फेरी: मागे काचेचं कपाट, वरच्या फळीवर पाव, मधल्या फळीवर मासळी भरलेले तिकोनी पाव, खालच्या फळीवर साखर भुरभुरलेले लांबोडके मगर-पाव.

फेरीत ह्या गावची बावीस फाटकं. त्यातलं आठवं फाटक निळं.

त्या निळ्या फाटकापाशी गाडी का रेंगाळते, हे गावात सर्वांना ठाऊक होतं. सर्वांत मऊ पाव आठव्या फाटकापर्यंत वरच्या फळीच्या मागच्या कोपऱ्यात फडक्याखाली लपवलेला असतो, हेही ठाऊक होतं. सातव्या फाटकातल्या सेलिना अक्कानं एकदा मुद्दाम तोच मागितला, तर विल्बर्ट म्हणाला, ‘तो शिळा आहे, अक्के.’ सेलिना अक्कानं ते वाक्य त्या संध्याकाळी बावीसही फाटकांत पोचवलं. पावाआधी पोचवलं.

निळ्या फाटकाच्या आत राहते स्वर्णलता. शिवणकाम करते. आसपासच्या गावांतल्या नवऱ्यामुलींची पोलकी तिच्याच हातची. एकेचाळीस वर्षांची झाली, स्वतःचं तेवढं शिवायचं राहून गेलं. दोष तिचा नाही, आईचा. तिची आई मागी नोना हिनं आजवर आलेली चार स्थळं परत पाठवली. पत्रिका जुळायच्या, मागी नोना जुळायची नाही. एकाचे कान मोठे निघाले. दुसरा नदीपलीकडचा. तिसरा जेवताना बोलायचा. चौथ्यात काहीच खोट सापडेना, तेव्हा ‘इतका चांगला माणूस असतोच कसा’ म्हणून तिला त्याचाच संशय आला.

तर अकरा वर्षं विल्बर्ट त्या फाटकाशी थांबत होता, आणि अकरा वर्षं मागी नोनाच बाहेर येत होती. हातात ताट, ताटावर झाकायला फडकं. एक पाव, दोन मगर-पाव, पाठ फिरवून आत. आतून शिलाई मशीनचा आवाज यायचा. तो आवाज विल्बर्टच्या इतका अंगवळणी पडला होता की आत बाही चालली आहे की काठ, हे तो बाहेरून सांगू शकला असता. पौर्णिमेला विहारात स्वर्णलता दिसायची, पांढऱ्या साडीत, हातात फुलांचं तबक. पण विहारात बोलणार काय? एकदा बोलला होता.

‘काल पाव मऊ होता का?’

‘होता,’ ती म्हणाली.

ह्या संभाषणावर त्यानं दोन वर्षं काढली.

विल्बर्टला फार काही नको होतं. त्या फाटकाशी एक दिवस तिनं स्वतः यावं, एवढंच. पुढचं पुढे. पण ते एवढंसं घडावं म्हणून काय करायचं, हे सुचायला त्याला सिनेमा बघावा लागला.

त्या वर्षी ‘संद ओरुवा’ आला. चांदण्यातली होडी. सगळं बेट येडं झालं होतं. बसमध्ये तीच गाणी, लग्नात तीच गाणी, आणि एका मयताला बँडवाल्यांनी सवयीनं त्यातलंच एक सुरू केलं तर रडणाऱ्यांनीही ठेका धरला म्हणतात. गोष्ट साधी: खाडीतला एक होडीवाला, शाळामास्तरांची मुलगी मानेल, मधे मास्तर. नऊ गाणी आणि चार रडण्याच्या जागा. कुरुंदुवेलातले खरे होडीवाले तालुक्याच्या गावी जाऊन सिनेमा बघून आले आणि त्यांनी दोनच आक्षेप घेतले. एक, नायक वल्हं उलटं धरतो. दोन, तीन तासांत एकही मासा पकडत नाही. बाकी सगळे रडले.

विल्बर्टनं तो नऊ वेळा पाहिला. शनिवारची फेरी लवकर उरकून साडेतीनच्या खेळाला जायचा, हे पाव सकाळी दहालाच आला की गावाला कळायचं. तिसऱ्या खेपेला त्याच्या डोक्यात उजेड पडला. सिनेमात तो होडीवाला मास्तरांच्या घरामागे होडी लावतो आणि बासरी वाजवतो. घरात मानेल केस विंचरत असते. बासरी थांबते, तो नुसता हुंकार भरतो. ती मान वर करते. मग गाणं सुरू होतं: ‘दाराशी ये, मी होडी थांबवली आहे.’ आणि ती येते. रोज येते! मास्तर घरात असतानाही येते!

आपल्याकडे होडी नाही, विल्बर्टनं विचार केला, पण कर्णा तर आहे.

दुसऱ्या दिवशी तो मोबाइल दुरुस्त करणाऱ्या दिलुकच्या टपरीवर गेला.

‘ह्या कार्डात ते बासरीचं गाणं भरून दे. जुनी धून काढून टाक.’

दिलुकनं डोळ्यावरचं भिंग काढलं. ‘अय्ये,’ तो म्हणाला, थोरल्या भावाला म्हणावं तसं, ‘असल्या गाण्यावर पाव विकणार?’

‘गाणं पावासाठी नाही.’

‘मग कुणासाठी?’

विल्बर्ट भिंतीवरचे चार्जर न्याहाळायला लागला.

‘निळं फाटक?’ दिलुक म्हणाला.

‘तुला कुणी सांगितलं?’

‘अय्ये, माझी बायको लग्न होऊन ह्या गावात आली, त्या दिवशी तिला पाण्याची विहीर आणि तुझी भानगड दोन्ही एकदमच दाखवली. ती अजून विचारते, ह्या अय्यांचं पुढे काय झालं? मी सांगतो, पाव झाला.’

दिलुकनं मग कार्ड घातलं, गाणं ऐकलं, आणि धंद्यातल्या माणसासारखा मुद्द्यावर आला. ‘सुरुवातीला अठ्ठेचाळीस सेकंद नुसती बासरी आहे. मग हुंकार. बोल यायला एक मिनिट बारा सेकंद. तेवढ्यात तू चार घरं पुढे गेलेला असशील. मी बासरी कापतो. थेट बोलांपासून भरून देतो.’

‘डोकं ठिकाणावर आहे का तुझं?’ विल्बर्ट इतका चिडलेला कुणी पाहिला नव्हता. ‘बासरी चालू असताना ती केस विंचरते. बासरी कापलीस तर काय तशीच येणार का बाहेर, विस्कटलेल्या केसांनी?’

दिलुकनं भिंग पुन्हा डोळ्यावर चढवलं. मग त्यानं गाणं अख्खं भरून दिलं.

पहिल्या दिवशी कुरुंदुवेलात पाव विकला गेला नाही. एकसुद्धा. बासरी वाजत वळणावरून आली, बावीस फाटकांसमोरून गेली, आणि प्रत्येकीला वाटलं शेजारणीनं रेडिओ लावलाय. पाव न आल्याबद्दल बायका साडेपाचपर्यंत विल्बर्टला बोल लावत होत्या, आणि विल्बर्ट त्यांच्या दारांवरून तिसऱ्यांदा जात होता.

दुसऱ्या दिवशी सेलिना अक्कानं त्याला भर रस्त्यात गाठलं. ‘काल कुठे उलथला होतास? आमचे हे चहात काय बुडवणार, बोट?’

‘अक्के, तुझ्या दारावरून तीनदा गेलो.’

‘ते तू होतास? मला वाटलं कुणाची तरी वरात निघालीय.’ मग तिचे डोळे बारीक झाले. ‘आणि काय रे, निघालीय का?’

पुढे कुत्र्यांनी आधी शिकून घेतलं. बासरी म्हणजे पाव. मग पोरांनी, मग बायकांनी. आठवड्याभरात फाटकं पुन्हा वेळेवर उघडू लागली. पण विल्बर्टची अडचण निराळीच होती. ते वाजायचं यंत्र गाडीच्या किल्लीला जोडलेलं. फाटकाशी थांबलं, किल्ली बंद केली, की गाणं बंद. किल्ली फिरवली, की गाणं पुन्हा पहिल्यापासून. बावीस फाटकांपाशी बावीस वेळा बासरी. हुंकारापर्यंतसुद्धा मजल जाईना. सिनेमातली मानेल असती तर केस विंचरून विंचरून तिला टक्कल पडलं असतं.

निळ्या फाटकाशी त्यानं एकदा किल्ली चालू ठेवून बघितली. मागी नोना ताट घेऊन आधीच तयार. दहा सेकंदांत म्हणाली, ‘बंद कर ते. आत पोर मोजमाप करतेय, तुझ्या पिपाणीनं बाह्या लांब होतायत.’

‘नोना, जरा पुढे चांगलं आहे.’

‘पुढेच ने मग. पुढच्या फाटकाला ऐकव.’

किल्ली बंद झाली. आत मशीन सुरू झालं. बाही होती.

अशात एडविन मुदलालींनी त्याला बेकरीच्या मागच्या खोलीत बोलावलं. मुदलाली तसे सज्जन, पण फेरीतल्या पलीकडच्या दोन वाड्यांनी बासरी अजून शिकून घेतलेली नव्हती आणि तिकडचा माल रोज परत येत होता. ‘विल्बर्ट,’ ते म्हणाले, ‘मीही तो सिनेमा पाहिलाय. माझी बायको अजून उशी ओली करते. पण होडीवाल्याला पाव विकायचे नव्हते. पौर्णिमेपर्यंत जुनी धून लागली पाहिजे. नाहीतर किल्ली टेबलावर ठेव, मी दुसरा माणूस बघतो.’

पौर्णिमा परवावर आली होती, आणि त्या दिवशी विहाराच्या सणाची सुट्टी म्हणून फेरी नसते. म्हणजे त्याच्या हातात एकच संध्याकाळ उरली: आदल्या दिवसाची.

त्या रात्री झोप लागली नसेलच त्याला, पण सकाळी तो दिलुकच्या टपरीवर हजर. दोघांनी मिळून रस्ता पावलांनी मोजला. विहाराच्या वळणावर गाणं सुरू केलं आणि मधे कुठेही न थांबता, सायकलच्या वेगानं गाडी हाकली, तर बरोबर एक मिनिट बारा सेकंदांनी आठवं फाटक. मागी नोनानं तोंड उघडायच्या आत बोल सुरू होतील.

‘आणि मधली सात फाटकं?’ दिलुकनं विचारलं.

‘परत येताना देईन त्यांना.’

‘त्यांना सांगितलंयस?’

हे मात्र विल्बर्टच्या डोक्यात आलं नव्हतं. आणि आता सांगायला जायचं म्हणजे का, हेही सांगावं लागणार. सेलिना अक्काला! त्यापेक्षा तसंच गेलेलं बरं.

साडेचार वाजता तो वळणावर आला. इस्त्रीचा शर्ट, केसांना खोबरेल, इतकं की ऊन डोक्यावरून घसरत होतं. किल्ली फिरवली. बासरी सुरू झाली. पहिल्या फाटकातले निवृत्त पोस्टमास्तर एका हातानं कमरेचं सरोंग लुंगीसारखं सावरत, दुसऱ्या हातात टोपली घेऊन उभे होते. विल्बर्ट त्यांच्या समोरून सरळ निघून गेला. पोस्टमास्तरांना आधी वाटलं आपणच पुरेसे दिसलो नाही. त्यांनी टोपली उंच केली.

‘ए! ए विल्बर्ट! पाव!’

‘परत येतोय!’ विल्बर्ट ओरडला, पण कर्ण्याच्या खाली बसलेल्या माणसाचं ओरडणं कर्णा खाऊन टाकतो.

दुसरं फाटक गेलं, तिसरं गेलं. अकरा वर्षांत असं झालं नव्हतं. बायका ताटं घेऊन रस्त्यावर आल्या, मग रस्त्यावरून पळू लागल्या. कुत्री अर्थातच सर्वांच्या पुढे. आरशात बघितलं तर पोस्टमास्तर, चौथ्या फाटकातल्या दोघी जावा, त्यांची सासू, जिला एरवी उठवत नाही, ती, सगळे मागे. मागून सासूच किंचाळली, ‘अगं, ब्रेक गेलाय त्याचा! ब्रेक गेलाय!’

झालं. इतका वेळ पावासाठी धावणारी माणसं आता माणूस वाचवायला धावायला लागली. सातव्या फाटकातून सेलिना अक्कानं प्रसंग ओळखला आणि दालचिनीच्या काड्यांचा भारा रस्त्यात ढकलला. विल्बर्टनं हॅण्डल वळवलं, भारा चुकला, कपाटातले मगर-पाव एकावर एक कोसळले. हुंकार सुरू झाला होता.

निळं फाटक. मागी नोना ताट घेऊन उभी होती, तिनं ती मिरवणूक येताना पाहिली आणि घराकडे वळून ओरडली, ‘स्वर्णा! धाव! पाववाल्याचा ब्रेक गेला!’

मशीन थांबलं.

विल्बर्टनं ब्रेक दाबला. ब्रेक उत्तम होता. गाडी जागच्या जागी उभी राहिली, किल्ली चालू, आणि कर्ण्यातून सगळ्या कुरुंदुवेलावर ते शब्द उतरले: ‘दाराशी ये, मी होडी थांबवली आहे.’

आणि ती आली. सिनेमातल्यासारखी नव्हे. पळत आली, गळ्यात मोजपट्टी, ओठांत चार टाचण्या, हातात मशीनसमोरचा लाकडी चौरंग. कुणाकडे न बघता खाली वाकली आणि तो चौरंग तिनं पुढच्या चाकाखाली असा ठोकून बसवला की गाडी आता ढकलली तरी हलली नसती. मग सरळ उभी राहिली, धापा टाकत. केस विस्कटलेले होते.

विल्बर्टनं आजवर ह्या क्षणासाठी पाठ केलेली बरीच वाक्यं होती. त्यातलं एकही जागेवर नव्हतं.

‘ब्रेक ठीक आहे,’ तो म्हणाला.

ओठांत टाचण्या, त्यामुळे ती बोलू शकत नव्हती. तिनं एकेक टाचणी काढली आणि मोजपट्टीला टोचली. चार टाचण्या. तोवर मागची सगळी मंडळी येऊन पोचली आणि गाडीभोवती गोल करून उभी राहिली, धापा टाकत पण कान टवकारून.

‘मग थांबत का नव्हतात?’ स्वर्णलतानं विचारलं.

‘बोल इथे यायला हवे होते. गाण्याचे. मधे थांबलं की ते परत बासरीवर जातं.’

कर्ण्यात दुसरं कडवं सुरू झालं होतं. सेलिना अक्का पोस्टमास्तरांना म्हणाली, ‘अगं बाई, ह्यानं बोल पण भरलेत?’

‘हळू,’ पोस्टमास्तर म्हणाले. ‘ऐकू दे.’

स्वर्णलता ऐकत होती. मान थोडी तिरकी, कापडाचा पोत तपासावा तशी. मागी नोनानं ‘बंद कर ते’ म्हणायला तोंड उघडलं, मुलीकडे पाहिलं आणि मिटलं. हे असं गावानं पहिल्यांदाच पाहिलं.

‘मला वाटलं होतं तुम्ही नुसती बासरीच भरून घेतलीय,’ स्वर्णलता म्हणाली. ‘रोज वाटायचं, हा माणूस सुरुवात करतो आणि पळून जातो.’

कुणीतरी हसलं. विल्बर्टचे कान इतके लाल झाले की मागी नोनाला त्यांचा आकार निरखायची आयतीच संधी मिळाली.

‘सिनेमा पाहिला नाही तुम्ही?’ त्यानं विचारलं.

‘कुणाबरोबर जाणार?’

चौथ्या फाटकातल्या सासूनं सुनेचा दंड असा पकडला होता की तो नंतर दोन दिवस काळानिळा होता. विल्बर्टनं आधी चौरंगाकडे पाहिलं, मग चाकाकडे, मग, काय अंगात आलं कोण जाणे, सरळ तिच्याकडे.

‘माझ्याबरोबर,’ तो म्हणाला. मग घाईघाईनं मागी नोनाकडे वळला. ‘शनिवारी. साडेतीनचा खेळ. तिघांसाठी म्हणतोय मी. तीन तिकिटं.’

मागी नोनानं ताटावरचं फडकं उचललं, झटकलं, घडी घातली. ‘आधी ह्या लोकांना पाव दे,’ ती म्हणाली. ‘नाहीतर मलाच खातील.’

विल्बर्ट पाव देऊ लागला. कपाटात सगळे मगर-पाव चेपलेले, पण त्या दिवशी कुणी तक्रार केली नाही. सगळ्यांचं लक्ष भलतीकडेच होतं. स्वर्णलतानं चाकाखालचा चौरंग काढला आणि आत गेली. उत्तर न देता गेली म्हणून दोघी जावांनी एकमेकींकडे पाहून चुकचुकसुद्धा केलं. शेवटी मागी नोना कपाटाशी आली, ताट पुढे केलं, आणि पाव घेऊन वळता वळता, जणू रस्त्यालाच सांगत होती, म्हणाली, ‘अगदी पुढची रांग नको. माझी मान अवघडते.’

पौर्णिमेनंतर जुनी टिंगटिंग परत लागली. पलीकडच्या वाड्यांना बरं वाटलं. इथल्या कुत्र्यांचा मात्र तीन दिवस गोंधळ उडाला.

शनिवारी साडेतीनला थिएटरात कुरुंदुवेलाची आणखी अकरा माणसं होती. सगळी योगायोगानं. सेलिना अक्काला अचानक बहिणीकडे जायचं होतं आणि वाटेत थिएटर लागलं. पोस्टमास्तरांना डोळे तपासायचे होते, म्हणून लांबचं दिसतं का हे बघायला ते आले होते. दिलुक बायकोला घेऊन आला होता. त्यानं काही सांगायची तसदीच घेतली नाही.

बसण्याची व्यवस्था मागी नोनानं केली. भिंतीकडे स्वर्णलता, मधे आपण, पलीकडे विल्बर्ट. मांडीवर पिशवी, पिशवीत चहाचा थर्मास. दिवे गेले आणि तिनं सिनेमाचा समाचार घ्यायला सुरुवात केली. ‘ह्यानं वल्हं धरलंय की झाडू?’ ‘हिची आई कुठेय? अशा मुलीला आई नाही?’ ‘मास्तरांचं काय चुकलं? मी असते तर होडीच बुडवली असती.’ पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थानं वळून पाहिलं, तर त्याला म्हणाली, ‘तुम्ही बघा, मी तुम्हाला थोडीच बोलतेय.’

विल्बर्टला पुढे काय होणार ते दृश्यागणिक पाठ होतं, म्हणून त्यानं पडद्याकडे फारसं पाहिलं नाही. मागी नोनाच्या खांद्यापलीकडे मोजपट्टी नसलेली स्वर्णलता पहिल्यांदाच दिसत होती. ती एका जागी हसली, तिथे आजवर नऊ वेळा त्याला हसू आलं नव्हतं. आलं आता.

मध्यंतराच्या थोडं आधी, मास्तर मुलीला खोलीत कोंडून चावी कनवटीला लावतात, ती पहिली रडण्याची जागा. मागी नोना गप्प झाली. मग पदर नाकाला लावला. दिवे लागले तेव्हा थर्मास तसाच होता, झाकण न उघडलेला.

‘स्वर्णा,’ ती उठत म्हणाली, ‘तू इकडे ये. मला समोरच्या बाईच्या अंबाड्यामुळे काही दिसत नाही.’

आणि मुलीला मधल्या खुर्चीत सरकवून, थर्मास तिच्या हातात देऊन स्वतः भिंतीकडे जाऊन बसली. दोन रांगा मागे बसलेल्या सेलिना अक्कानं नंतर शपथेवर सांगितलं की मागी नोनाच्या समोरची खुर्ची सुरुवातीपासून रिकामी होती. अंबाडा नव्हता, बाई नव्हती, काही नव्हतं. उत्तरार्धात काय झालं ते तिला विचारू नका. तिनं पडदा बघितलाच नाही. त्या दोन खुर्च्यांमधे मात्र, तिच्या म्हणण्याप्रमाणे, सिनेमा संपेपर्यंत कुणी एक शब्द बोललं नाही आणि दोघांनी मिळून थर्मासमधला अख्खा चहा संपवला, एकाच झाकणातून.

बाहेर आल्यावर ऊन डोळ्यांत गेलं. अकरा माणसं अकरा दिशांना बघत उभी राहिली. मागी नोनानं पिशवी काखेत मारली आणि विल्बर्टला वरपासून खालपर्यंत पाहिलं, ताग्याची लांबी बघावी तसं.

‘जन्म कधीचा तुझा?’

विल्बर्टनं वर्ष, महिना, तारीख सांगितली.

‘वेळ?’

आईला विचारायचं राहून गेलं होतं, आणि आता आई नव्हती. ‘सकाळ असेल,’ तो म्हणाला.

‘असेल? पत्रिका मांडायला ‘असेल’ चालत नाही. मिनिट लागतं.’

‘बहिणीला माहीत असेल. ती थोरली आहे. गाल्लला असते.’

‘मग गाल्लला जा,’ मागी नोना म्हणाली. स्वर्णलता बाजूला उभी राहून साडीच्या काठावरचा, नसलेला धागा तोडत होती. ‘मीही बघते कुणाशी जुळतंय का.’

दुसऱ्या दिवशी पहाटेची बस पकडून विल्बर्ट गाल्लला गेला. त्या रविवारी कुरुंदुवेलात पाव आला नाही. साडेचार वाजले ते कुणाला कळलेच नाहीत. बायका सवयीनं फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या आणि एकमेकींना म्हणाल्या, गेलाय तो, जन्मवेळ आणायला. बावीस फाटकांत एकीनंही कुरकुर केली नाही. सेलिना अक्कानं तर दुपारीच खोबरं खवून ठेवलं होतं, पावाऐवजी रोट्यांसाठी.